जुनी मोटारसायकल सुरू होईना तेव्हां

सोलापूर हें सुताचें शहर आहे. १८७७ सालीं येथें पहिली मोठी कापडगिरणी निघाली, आणि तेव्हांपासून यंत्राचा खडखडाट येथील माणसांच्या कानांस परका राहिलेला नाहीं. माग एकाएकीं थांबला तर विणकर सारा माग उकलीत बसत नाहीं. धागा कोठें तुटला तें प्रथम पाहतो. परंतु याच शहरांत एखाद्या घरच्या बोळांतील जुनी बुलेट सुरू होईना, कीं आधीं नवी बॅटरी येते, मग नवा प्लग, मग नवी कॉइल. इतकें होऊनहि एंजिन मुकेंच राहिलें, म्हणजे वडिलांनीं जिवापाड जपलेली गाडी भंगाराच्या भावानें द्यावी काय, अशी चर्चा घरांत सुरू होते. दोष मात्र पुष्कळदां एखाद्या सैल स्क्रूंत दडलेला असतो.

त्या वेळच्या मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. तिच्या ३५० घनसेंटिमीटरच्या बुलेटी पुढें गांवोगांव पोंचल्या. या जुन्या गाड्यांत विजेचा मार्ग साधा आहे. बॅटरींतून निघालेला प्रवाह अँमीटर व किल्ली यांतून कॉइलमध्यें जातो, तेथून पॉइंटांवाटे सांगाड्यांत उतरून बॅटरीस परत मिळतो. पॉइंट मिटलेले असतांना कॉइलमध्यें चुंबकशक्ति सांठते. ते उघडतांच ती कोसळून हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो व प्लगाशीं ठिणगी पडते. पॉइंटांवर ठिणगी उडून ते जळूं नयेत, म्हणून शेजारीं कंडेन्सर बसविलेला असतो.

आतां हा धागा कोठें तुटला हें ओळखण्याचें साधन खुद्द गाडीच्या कपाळावरच असतें, आणि त्याकडेच कोणी पाहत नाहीं. तें म्हणजे अँमीटर. किल्ली फिरवावी, दिवे बंद ठेवावे, आणि डीकाँप्रेसर दाबून किक हातानें सावकाश फिरवावी. पॉइंट मिटले कीं कांटा डावीकडे, म्हणजे खर्चाच्या बाजूस, कलतो. उघडले कीं मध्यावर येतो. ही त्याची निरोगी नाडी होय. ज्या गाड्यांत पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक योजना आहे, त्यांस ही परीक्षा लागू पडत नाहीं.

कांटा मुळींच हलत नसेल, आणि भोंगा व दिवाहि मुका असेल, तर दोष आरंभींच आहे: बॅटरी, फ्यूज, किल्ली किंवा सांगाड्यास जोडलेली तार. गाडीस हौसेनें नवा रंग दिल्यावर ती सुरू होत नाहीं, अशी तक्रार अनेकदां ऐकूं येते; रंगाच्या थरामुळें त्या तारेचा धातूशीं संबंध तुटलेला असतो. तेवढी जागा खरवडली कीं पुरे. दिवा लागतो पण कांटा हलत नाहीं, असें असेल तर पॉइंट मळलेले असावेत, अथवा कॉइलची तार निसटली असावी.

कांटा डावीकडे जाऊन तेथेंच राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत किंवा कंडेन्सर आंतून जुळून गेला आहे. अशा वेळीं किल्ली सुरू ठेवूं नये. कॉइल तापते व बॅटरी रिती होते. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांमधील अंतर सुमारें ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावें. हें अंदाजानें ठरविणें बरें नव्हे. त्यांत फरक पडला कीं ठिणगीची वेळहि चुकते. ती फार लौकर पडली, तर किक उलट फिरून पायाचा घोटा मोडूं शकतो.

कांटा नीट हलत असेल, तर मात्र बॅटरीस दोष देण्याचें कारण उरत नाहीं. मग प्लग काढून, पेट्रोलपासून दूर, सिलिंडरच्या धातूस टेकवून किक मारावी. प्लग हातांत धरूं नये. निळी, कडक ठिणगी पडली तर विजेचें काम झालें, शोध पेट्रोलकडे वळवावा. पिवळट, मरगळलेली ठिणगी म्हणजे कंडेन्सर, प्लगाची तार किंवा कॉइल.

सोलापूरच्या उन्हाळ्यांत, पारा ४० अंशांवर चढतो तेव्हां, आणखी एक चमत्कारिक दोष दिसतो. सकाळीं गाडी पहिल्याच किकेला सुरू होते, होटगी रस्त्यानें जाऊन येते, आणि दुपारीं थांबली कीं पुन्हां सुरू होत नाहीं. तासाभरानें, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी, पुन्हां धडधडते. कॉइल अथवा कंडेन्सर तापल्यावर आंतून दगा देतो तो असा. थंड गाडी तपासून मिस्त्री ‘सर्व ठीक आहे’ म्हणतो, तें खोटें नसतें. गाडी त्याच्याकडे तापलेलीच न्यावी. याच दिवसांत बॅटरींतील पाणीहि लौकर आटतें. त्यांत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, नळाचें नव्हे.

एंजिन सुरू झाल्यावर अँमीटरकडे आणखी एकदां पाहावें. वेग किंचित् वाढवितां कांटा उजवीकडे कलला, तर बॅटरी भरत आहे. तो डावीकडेच राहिला, तर आज सुरू झालेली गाडी दोन-तीन दिवसांत पुन्हां बोळांत उभी राहील. मग पॉइंट नव्हे, आल्टर्नेटर व रेक्टिफायर यांच्या तारा तपासाव्या लागतील.