मुरब्याचा किनारा आणि अदृश्य प्रकाश

पालघर जिल्ह्यांतील मुरबे हें सातपाटीच्या खाडीपलीकडचें मच्छीमारांचें गांव. तेथें नवें बंदर उभारण्याचा प्रस्ताव असून मच्छीमारांनीं त्यास विरोध केला आहे. अशा वेळीं किनाऱ्याचें आजचें छायाचित्र उद्यांचा पुरावा ठरूं शकतें. आणि पुराव्यांतील पाण्याचा रंगच खोटा असेल तर कसें चालेल?

आपल्या डोळ्यांना सुमारें 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. तांबड्यापलीकडचा अवरक्त प्रकाश विल्यम हर्शेल यांनीं 1800 सालीं तापमापकाच्या साहाय्यानें शोधून काढला. डिजिटल कॅमेऱ्यांतील सिलिकॉनचा संवेदक मात्र सुमारें 1100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतो. म्हणून त्याच्यापुढें अवरक्तरोधक कांच बसवितात. ती अपुरी पडल्यास काय होतें, हें 2006 सालच्या लायका एम-8 कॅमेऱ्यानें दाखविलें. कृत्रिम धाग्यांचें काळें कापड त्यांत जांभळट उमटे. लाटा मऊ दिसाव्यात म्हणून भिंगापुढें गडद करडी कांच लावली, तरी असाच प्रकार संभवतो. अशा कित्येक कांचा दृश्य प्रकाश सहस्रांशावर आणतात, पण अवरक्त प्रकाशाला तितक्या अडवीत नाहींत. मग होडीचा काळा रंग तपकिरी होतो.

यासाठीं वेगळा अवरक्तरोधक फिल्टर लावितात. त्याच्या दोन जाती आहेत. एक, अवरक्त प्रकाश शोषून घेणाऱ्या कांचेचा. दुसरा, तो परतविणाऱ्या अतिसूक्ष्म थरांचा. या दुसऱ्यावर किरण तिरके पडले कीं त्याची मर्यादा लहान लहरींकडे सरकते. साबणाच्या फुग्यावरील रंग पाहण्याच्या कोनाबरोबर पालटतात, तसेंच हें. 24 बाय 36 मिलिमीटरच्या चौकटीवर 50 मिलिमीटरच्या भिंगांत कोपऱ्याचा किरण अक्षाशीं सुमारें 23 अंशांचा कोन करतो. 24 मिलिमीटरच्या विस्तृतकोनी भिंगांत तो 42 अंशांचा होतो. तेवढ्यानें 700 ची मर्यादा 650 च्या आसपास येऊं शकते. म्हणजे अवरक्ताबरोबर खरा तांबडा प्रकाशही कोपऱ्यांत अडतो, आणि तेथील वाळू व पाणी निळसर-हिरवें दिसूं लागतें.

तेव्हां करावें काय? विस्तृतकोनी भिंगाला शोषक कांच अधिक मानवते. थरांचाच फिल्टर हातीं असेल, तर त्याच भिंगानें व त्याच प्रकाशांत, भिंगासमोर दुधी प्लास्टिकचा पातळ तुकडा धरून एक कोरें चित्र घ्यावें. त्यांतील कोपऱ्यांची छटा पाहून संगणकावर मूळ चित्र दुरुस्त करतां येतें. अथवा अरुंद कोनाच्या भिंगानें तीनचार चित्रें घेऊन तीं जोडावीं.

मात्र मूळ चित्र न पुसतां जपून ठेवावें आणि कोणती दुरुस्ती केली तें सोबत लिहून ठेवावें. मग मुरब्याच्या पाण्याविषयीं वाद निघाल्यास, रंग समुद्राचा कीं फिल्टरचा, हें पडताळून पाहतां येईल.