गाडीचे नाक

आमच्या घरात पेट्रोलची एक वही आहे. वाण्याची वही, दुधाची वही, तशीच ही पेट्रोलची. वडिलांनी १९८६ साली जुनी फियाट घेतली, त्याच दिवशी ही वही घातली. पद्धत साधी. टाकी काठोकाठ भरायची, मीटरवरचा आकडा लिहायचा. पुन्हा काठोकाठ भरायची, पुन्हा आकडा लिहायचा. आणि मधल्या किलोमीटरांना मधल्या लिटरांनी भागायचे. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत! शेवटच्या रकान्याला ‘शेरा’ असे नाव, आणि त्यात ‘घाट’, ‘लग्नाची गर्दी’, ‘टायरात हवा कमी’ अशा नोंदी. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे, त्यामुळे ही वही वाचायला एखाद्या बखरीइतकी गोड लागते.

या बखरीत १९९४ साली एक मोठे संकट आले. लिटरला साडेअकरा देणारी गाडी बघता बघता साडेदहावर उतरली. वडिलांनी आधी पंपवाल्यावर संशय घेतला, मग रात्री टाकीतून कोणी पेट्रोल काढतो की काय म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप लावले, आणि शेवटी माझ्याकडे रोखून पाहिले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि गाडीच्या स्टिअरिंगला हात लावण्याचीही मला परवानगी नव्हती, पण संशयाला वय नसते.

अखेर गाडी नाक्यावरच्या मिस्त्रींकडे गेली. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिनावरच्या गोल डब्याचा नट बोटांनीच सोडवला आणि आतून एक कागदी चकली बाहेर काढली. मूळचा रंग पांढरा असावा, असा केवळ तर्क करता येत होता. मिस्त्रींनी ती ओट्याच्या कडेवर दोनदा आपटली. वाटीभर माती पडली.

“साहेब, गाडीचं नाक चोंदलंय,” ते म्हणाले. “तिला हवा मिळत नाही, म्हणून ती पेट्रोल ओढते.”

नवा फिल्टर बसला आणि पुढच्या भरणीला वहीत ११.३ अशी नोंद झाली. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ‘नाक’.

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. खरे म्हणजे ती मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. मापाने पाहिले तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! दहा फूट लांब, दहा रुंद आणि दहा उंच अशा खोलीतली सगळी हवा आपली गाडी तीन लिटरांत पिऊन टाकते. ठाण्याहून पुण्याला जाऊन पोहोचेपर्यंत तीन खोल्यांचे अख्खे बिऱ्हाड तिच्या पोटात जाते. या एवढ्या हवेबरोबर रस्त्यावरची धूळही येणार. आपल्याकडची धूळ म्हणजे वाळूचे बारीक कण. ते आत गेले की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा कानशीने घासल्यासारख्या झिजतात. म्हणून दारावर फिल्टर नावाचा पहारेकरी. जुन्या जीपगाड्यांत तर हा पहारेकरी तेलात पाय बुडवून बसलेला असे. हवा तेलावरून वळसा घेई आणि धूळ तेलात बसे.

आता नाक चोंदल्यावर पेट्रोल जास्त का जाते? त्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. ज्यांच्या घरी ढेकणांसाठी फ्लिटचा पंप होता, त्यांना कार्ब्युरेटर वेगळा समजावून सांगायला नको. बारीक नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो, आणि खालचे औषध आपोआप वर चढून फवारले जाते. कार्ब्युरेटरही तसाच. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब, आणि गळ्यात कमी दाब. या दोहोंतल्या फरकावर पेट्रोल वर येते. फिल्टर चोंदला की गळ्यातला दाब आणखी उतरतो, पेट्रोल हवेच्या मानाने जास्त ओढले जाते, आणि मिश्रण घट्ट होते. थंडीत चोक ओढून गाडी सुरू करायची आणि तो परत ढकलायला विसरायचे, असा तो प्रकार. महाबळेश्वरला जाताना आमची फियाट पसरणीच्या घाटात धापा टाकी, त्याचेही एक कारण हेच. वर हवा खालच्यापेक्षा सुमारे एक अष्टमांश विरळ. पेट्रोलचे छिद्र मात्र खालच्याच मापाचे.

हे सगळे आठवायचे कारण आमचे भाचेबुवा. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि कॉलेज जवळ म्हणून आमच्याकडेच राहतात. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते एक खोके घेऊन आले. आत लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा, चकचकीत फिल्टर.

“मामा, आपल्या गाडीचा तो काळा डबा काढून टाकू. हा लावला की दहा हॉर्सपॉवर वाढते आणि अ‍ॅव्हरेजही वाढतं. दुकानदारानं लिहून दिलंय.”

“दुकानदारानं लिहून दिलेलं सगळं खरं मानायला मी अजून तुझ्या मामीइतका भोळा झालेलो नाही,” मी म्हणालो. हे वाक्य स्वयंपाकघरात ऐकू गेले आणि त्याचे परिणाम मी आठवडाभर भोगले.

मी मराठीचा मास्तर. इंजिनातले मला कळावे अशी कोणाची अपेक्षा नाही. पण शंका आली की ग्रंथालय गाठायचे, ही आमच्या धंद्याची खोड. त्या वाचनात जे हाती लागले, त्याने मी चाटच पडलो. अणुबाँबच्या कामामुळे ज्या गावाचे नाव जगाला कळले, त्या अमेरिकेतल्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोटारींचे फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत नवा फिल्टर घातल्याने शेकडा दोन ते सहा इतकी पेट्रोलची बचत होते, आणि फारच चोंदला असेल तर चौदापर्यंतही. म्हणजे आमचे मिस्त्री बरोबर होते! पण अलीकडच्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरचा पेट्रोलच्या खर्चावर म्हणण्यासारखा परिणामच होत नाही. गाडी वेग घ्यायला मात्र शेकडा सहा ते अकरा इतकी मंद होते.

असे का, हे मला दोन दिवस उमगेना. मग उमगले ते न्हाणीघरात. आपण पायाने दाबतो तो खटका पेट्रोलचा नाही. ‘जरा पेट्रोल दे’ असे आपण म्हणतो खरे, पण तो खटका उघडतो हवेच्या वाटेवरची झडप. आत किती हवा गेली ते यंत्र मोजते, तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल फवारते, आणि धुराच्या नळीत बसवलेला दुसरा एक पहारेकरी उरलेला ऑक्सिजन हुंगून हिशेब बरोबर झाला की नाही ते सांगतो. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास ही पद्धत रुळली आणि कार्ब्युरेटर मागे पडला. आता समजा, नळ अर्धाच उघडून आपण बादली भरतो आहोत आणि मागे पाइपात थोडा गाळ बसला. आपण काय करतो? नळ किंचित जास्त फिरवतो. धार तीच, बादली तीच. गाळ बसल्याचे कळते ते नळ पूर्ण उघडल्यावर. रस्त्यावर आपली झडप सदैव अर्धी मिटलेली. फिल्टरने थोडे अडवले, तर पाय नकळत थोडा जास्त दाबला जातो. म्हणजे त्या लाल शंकूने वाट मोकळी केली, तरी पुढे झडप आहेच! फायदा झालाच तर पूर्ण दाबून पळवताना, आणि तोही थोडका, कारण कारखान्याचा स्वच्छ फिल्टर बऱ्यापैकी मोकळाच असतो. शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट निराळी. तिथे झडप सताड उघडी असते आणि हवेच्या नळीची लांबीसुद्धा मोलाची ठरते. १९६० च्या क्रायस्लर ३००-एफ या गाडीला हवेच्या तीस इंची नळ्या होत्या. आत हेलकावणाऱ्या हवेच्या लाटेने नेमक्या क्षणी सिलिंडरात आणखी हवा ढकलावी, ही त्यातली युक्ती.

भाचेबुवांना हे मी एका जेवणात समजावले. ते पोळी चघळत म्हणाले, “मामा, वही आहे ना? लावून बघू.”

वहीचे नाव निघाल्यावर वडिलांनी कान टवकारले. वयाची ऐंशी उलटली असली तरी भागाकार अजून तेच करतात. शंकू बसला. आणि काय सांगू, गाडी वाघासारखी गुरगुरू लागली! काळ्या डब्यात हवेचा आवाज जिरवायची सोय असते; ती गेल्यामुळे इंजिनाचा श्वास थेट कानात. पहिले आठ दिवस मलाही वाटले की गाडी सुसाट पळते आहे. खोटे कशाला बोलू, सिग्नलला हिरवा दिवा लागला की तो आवाज ऐकण्यासाठी मीच पाय जास्त दाबत होतो. वडिलांनी चार टाक्यांचा हिशेब केला. आधी १६.४, आता १५.९. शेरा: ‘आवाज’.

भाचेबुवांची हार मानण्याची तयारी नव्हती. बॉनेटखालची गरम हवा शंकू ओढतो, म्हणून जोर मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य होते. बाहेर तीस अंश आणि बॉनेटखाली साठ अंश असेल, तर आतली हवा शेकडा नऊने विरळ. तेवढा जोर कमी. (पेट्रोलचा खर्च मात्र त्याने वाढत नाही; विरळ हवेला झडप जरा जास्त उघडावी लागते, इतकेच.) तेव्हा चिरंजीवांनी एक लांब नळी आणली आणि शंकू खाली, बंपरच्या मागे नेऊन बसवला. थंड हवा, जमिनीपासून वीतभर वर. मी पाहिले, आणि काही बोललो नाही. तिथेच चुकलो.

कारण २६ जुलै २००५ मी विसरलो नव्हतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि पुढे कित्येक दिवस गॅरेजांपुढे गाड्यांची रांग होती. पाणी शिरलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, हे तेव्हापासून मी दहा जणांना तरी सांगितले असेल. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा आमच्यासारख्या गाडीत दोन मोठे चमचे पाणी मावेल इतकीच. त्याहून जास्त पाणी असले, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

गेल्या वर्षीच्या जुलैत मी कॉलेजातून परत येत होतो. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचले होते, फार नाही, चाकाच्या निम्म्याइतके. पुढची रिक्षा गेली, स्कूटर गेली. मी घातली. मधोमध इंजिन गपकन थांबले. मागे बस भोंगा वाजवत होती, लोक ओरडत होते, आणि दहा जणांना शहाणपण शिकवलेल्या माणसाने किल्ली फिरवली. इंजिन खोकले, क्षणभर धरले, आणि आत ‘ठक्’ असा एकच आवाज झाला.

बिल एकाहत्तर हजार झाले. विम्यात इंजिनाचे जादा संरक्षण घ्यायचे मी दरवर्षी टाळत होतो, तेव्हा तिकडून काही मिळाले नाही. भाचेबुवांनी सुट्टीत शिकवण्या करून त्यातले बारा हजार आणून माझ्या टेबलावर ठेवले. मी घेत नव्हतो. “नळी माझी होती, मामा,” तो म्हणाला. “किल्ली माझी होती,” मी म्हणालो. बराच वेळ आम्ही दोघे त्या पाकिटाकडे बघत बसलो. शेवटी सौ.ने ते उचलून कपाटात टाकले आणि त्याच्या पुढच्या सत्राची फी त्यातून भरली.

काळा डबा माळ्यावरून काढून पुन्हा बसवला. त्याचे तोंड कारखान्याने पुढच्या जाळीच्या वरच्या बाजूला, हाताला लागेल इतके उंच का ठेवले आहे, हे चिरंजीव आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवतात. वहीत सध्या १६.३ चालू आहे. त्या जुलैच्या पानावर तारीख आहे, किलोमीटर आहेत, आणि लिटरच्या रकान्यात वडिलांनी एक आडवी रेघ मारली आहे. शेरा: ‘पाणी. मोजले नाही.’