विदर्भाची लेक, लोपामुद्रा

भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावर मुलगी जन्मली की नामाक्षर येतं 'लो'. पंचांगात भरणीची अक्षरं ली, लू, ले, लो अशी दिलेली असतात आणि त्यातलं शेवटचं अक्षर सगळ्यांत अडचणीचं. 'ली'ला लीला आहे, लीना आहे. 'ले'ला लेखा आहे. 'लो'ला काय? आत्या लोचना सुचवते, कुणीतरी लोकेश्वरी म्हणून बघतं, आणि मग जाड पुस्तकातून एक नाव निघतं : लोपामुद्रा. नाव ऐकून क्षणभर सगळे गप्प. आजी म्हणते, "अगं, पण त्यात 'लोप' आहे ना?"

आजीची शंका रास्त आहे. मराठीत लोप पावणं म्हणजे नाहीसं होणं. कुळाचा लोप, धर्माचा लोप, सगळे अशुभाचेच प्रयोग. ज्या भाषेत दिवा 'विझला' न म्हणता 'शांत झाला' म्हणतात, तिथे पाळण्यातल्या मुलीला असं नाव कोण ठेवणार? पण जुन्या कथेने हा 'लोप' मुलीच्या नव्हे, इतरांच्या वाट्याला दिलेला आहे. अगस्त्य ऋषींनी प्राणिमात्रांतला जो जो अवयव उत्तम, तो तो निवडून ही मुलगी घडवली, तिच्यापुढे हरिणाच्या डोळ्यांची वगैरे मिरवायची खूण, म्हणजे मुद्राच, लोपली, अशी फोड सांगतात. दुसरी फोड पतिसेवेत स्वतःची ओळख विसरलेली अशी आहे. ती मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तिच्या कथेतच आहे.

महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात. अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लटकलेले दिसतात. वंश चालव, तरच आम्ही सुटू, असं ते म्हणतात. आपल्याला साजेशी बायको कुठे मिळेना म्हणून अगस्त्य स्वतःच मुलगी घडवतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाच्या घरी तिला जन्म देतात. ती उपवर झाल्यावर मागणी घालतात. राजा हबकतो. नाही म्हणावं तर शापाचं भय, हो म्हणावं तर राजवाड्यातली पोर जंगलात जाणार. राजाराणी तोंडाला कुलूप लावून बसतात, तेव्हा मुलगीच म्हणते, मला ऋषींना द्या आणि तुम्ही निर्धास्त व्हा.

लग्नानंतर अगस्त्य सांगतात, ही उंची वस्त्रं, हे दागिने उतरव. ती उतरवते, वल्कलं नेसते, गंगाद्वारी त्यांच्याबरोबर तप करते. पुढे एके दिवशी ऋषींना संसाराची आठवण होते, तेव्हा ही बाई लाजत, हात जोडून, पण स्पष्ट अट घालते : वडिलांच्या घरी जशी शेज होती तशी हवी, मलाही दागिने हवेत आणि तुम्हीही नटून या. अगस्त्य म्हणतात, तुझ्या बापासारखं धन माझ्याकडे कुठलं? ती म्हणते, तपाच्या बळावर क्षणात आणाल. ते म्हणतात, त्याने तप खर्ची पडेल. ती म्हणते, तपही खर्चू नका आणि माझी इच्छाही पुरी करा. यापुढे ऋषींचा युक्तिवाद संपतो आणि ते धन मागायला बाहेर पडतात.

ते श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांकडे जातात. प्रत्येक राजा आपला जमाखर्च पुढे ठेवतो. जमा आणि खर्च बरोबर जुळतात, शिल्लक शून्य. इथून काही घेतलं तर प्रजेच्या पोटाला चिमटा बसेल म्हणून अगस्त्य हात लावत नाहीत. आपल्या पुराणकथांतला हा बहुधा सर्वांत प्रामाणिक अर्थसंकल्प. शेवटी सगळे मिळून श्रीमंत असुर इल्वलाकडे जातात आणि तिथे त्याचा भाऊ वातापी बोकड होऊन ताटात येतो, ऋषींच्या पोटात कायमचा जिरतो. भरपेट जेवणानंतर पोटावरून हात फिरवत आतापी-वातापीचं नाव घेणारे आजोबा पुष्कळांनी पाहिले असतील. ते सगळं रामायण एका विदर्भकन्येने माहेरच्या शेजेसारखी शेज मागितल्यामुळे घडलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

धन आल्यावरही निवड तिचीच. हजार मुलगे हवेत, की दहांच्या तोडीचे शंभर, की शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना भारी असा एकच? ती एक मागते. त्याचं नाव दृढस्यू, आणि बापासाठी समिधांचे भारे वाहायचा म्हणून इध्मवाहही.

महाभारताआधी कितीतरी शतकं हे नाव ऋग्वेदात येऊन गेलं आहे. पहिल्या मंडलातलं १७९ वं सूक्त अवघ्या सहा ऋचांचं आहे आणि परंपरेने त्यातल्या पहिल्या दोन ऋचांची ऋषिका लोपामुद्राच मानली जाते. तिथे विदर्भ नाही, राजवाडा नाही, वातापी नाही. तिथे आहे बरीच वर्षं राबलेली बायको. कित्येक शरद रात्रंदिवस श्रमले, उगवणारी प्रत्येक पहाट वय वाढवते आहे, म्हातारपण देहाची कांती नेतं, मग नवऱ्याने बायकोजवळ यायचं कधी, असा तिचा सवाल आहे. व्रताच्या नावाखाली दुरावलेल्या नवऱ्याला इतक्या सरळ शब्दांत विचारणारी स्त्री १,०२८ सूक्तांच्या त्या ग्रंथात विरळाच. या सूक्ताची देवता रती सांगितली आहे. लोपामुद्रा हा शब्द स्वतः चौथ्या ऋचेत येतो.

मला वाटतं, नाव मागे पडायला 'लोप' जितका कारणीभूत, तितकंच हे सूक्तही. गार्गी आणि मैत्रेयी या याज्ञवल्क्याशी ब्रह्मचर्चा करणाऱ्या, त्यामुळे सुशिक्षित मराठी घरांनी ती नावं हौसेने उचलली. लोपामुद्राही त्याच पंक्तीतली, पण तिचा विषय शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्याजोगा नाही. मग नावांच्या पुस्तकांनी सोपी वाट काढली : 'अगस्त्य ऋषींची पत्नी' एवढाच अर्थ छापला. ज्या बाईच्या नावावर ऋग्वेदात ऋचा आहेत, तिची ओळख कुणाची तरी बायको म्हणून संपवायची, हा आळस म्हणावा की सोय?

विदर्भाने पुराणांना आणि काव्यांना लेकी पुष्कळ दिल्या. रुक्मिणी तर पंढरपूरला विटेशेजारी जाऊन रखुमाई झाली आणि गावोगावच्या रखमा, रुख्मा, रुक्माबाई तिच्याच. दमयंती आधीच्या पिढीत बरीच चालली. रघुवंशातल्या इंदुमतीची इंदू झाली आणि घराघरांत मुरली. लोपामुद्रेचं असं काही झालं नाही. हाक मारायला लोपा म्हणावं तर नाव अर्धं राहतं, मुद्रा म्हणावं तर भरतनाट्यम आठवतं. खरं तर सीतेने या मुलींना एका दमात आठवलं आहे. सुंदरकांडात अशोकवनात राक्षसिणींना उत्तर देताना ती पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रियांची नावं घेते, त्यांत अगस्त्याची लोपामुद्रा आहे आणि नळाची दमयंतीही. आपल्या मुलखातल्या दोन लेकी लंकेत एका वाक्यात आल्या, पण नागपूरच्या हजेरीपटात दोघींचं नशीब वेगळं निघालं.

उलट बंगाल-ओडिशात हे नाव रुळलेलं आहे. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र तर सर्वश्रुतच. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली तेव्हापासून नागपुरात बंगाली वस्ती रुजली, आजही धंतोलीतली दुर्गापूजा बघायला सगळं गाव लोटतं. त्यामुळे शहरात लोपामुद्रा भेटली तर ती बंगाली असेल असा अंदाज जुने लोक बांधायचे. तो अंदाज मोडला लोपामुद्रा राऊतने. नागपूरची ही मुलगी इंजिनिअर झाली, सौंदर्यस्पर्धांत उतरली, २०१६ मध्ये 'मिस युनायटेड कॉन्टिनेंट्स'मध्ये भारताकडून गेली आणि त्याच वर्षी 'बिग बॉस'च्या दहाव्या पर्वात शिरून अंतिम फेरीपर्यंत टिकली. निवेदकांच्या तोंडी रोज हे चार अक्षरी नाव बसल्यावर ते अवघड आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. मराठीत अभिनेत्री-कवयित्री स्पृहा जोशीच्या एका कवितासंग्रहाचं नावही 'लोपामुद्रा'च आहे.

नागपूरजवळ रामटेकच्या गडावर अगस्त्यांचा आश्रम होता अशी तिथली श्रद्धा आहे. महाराष्ट्रात अकोल्यालाही, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याला, अगस्तींचं स्थान आहे, पण रामटेकचं वजन वेगळं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. त्याच्या पायथ्याच्या परिसरातलं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी लिपीत तिचं नाव आणि शंख कोरलेली. लग्न होऊनही ताम्रपटांत माहेरच्या गुप्तांचा वंश आधी सांगणारी ही राणी. विदर्भाच्या बायकांना माहेर सोडवत नाही, हे लोपामुद्रेपासून चालत आलेलं दिसतं.

अगस्त्यांना आकाशातही जागा आहे. अगस्त्याचा तारा तेजात व्याधाखालोखाल दुसरा. नागपूर २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे तिथून तो क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर चढतो. नरकचतुर्दशीला उटण्याआधी, चारच्या सुमारास गच्चीवर गेलात तर थेट दक्षिणेला, इमारतींच्या डोक्यावर तो दिसेल. भाद्रपदात या ताऱ्याला अर्घ्य देण्याची जुनी रीत आहे आणि त्या विधीत लोपामुद्रेला वेगळं अर्घ्य असतं. तिथे तिला राजकन्या म्हणून हाक मारतात, ऋषिपत्नी त्यानंतर.

दक्षिणेत तर तिची नदीच झाली. कोडगूच्या कथेत अगस्त्यांच्या कमंडलूतून सुटून वाहू लागलेली कावेरी म्हणजे लोपामुद्राच. श्रीविद्येच्या उपासकांत हादि नावाची मंत्रपरंपरा तिच्या नावावर आहे, कादि मन्मथाच्या. म्हणजे बंगालात गाणं, कर्नाटकात नदी, तंत्रात गुरू, आणि जन्मगावी नावांच्या पुस्तकातली एक ओळ.

अलीकडे अनवट नावांची हौस वाढली आहे, तेव्हा भरणीचा चौथा चरण नसला तरी हे नाव ठेवायला हरकत नाही. फक्त जन्मनोंदणीच्या अर्जावर 'पा'चा काना नीट द्यावा. नोंदणी करणारा हमखास 'लोपमुद्रा' करतो आणि ती चूक दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचते. विश्वामित्राला आपण 'विश्वमित्र' लिहीत नाही, एवढं त्याला खिडकीतूनच सांगून टाकावं.