दहा मात्रांची तार

शाळेच्या अडगळीत सापडलेला बीबीसी मायक्रो लॅपटॉपला यूएसबीने जोडता येईल का, असं एका वाचकाने विचारलंय. येईल! केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा हा १९८१चा संगणक पुढे सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आला. यूएसबी अवतरली १९९६मध्ये. त्यामुळे दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो.

मायक्रोच्या पाठीमागे आरएस-४२३ या सिरियल जोडणीचं पाच छिद्रांचं गोल सॉकेट असतं. छिद्रांची मांडणी फाशावरच्या पाचासारखी, म्हणून प्लग उलटाही बसतो! मग मधली ग्राउंड तेवढी जागेवर राहते, बाकीच्या तारांची अदलाबदल होते. केबल खराब ठरवण्याआधी प्लग अर्धा फिरवून बघा. आणि केबल घ्या ती यूएसबी-आरएस-२३२ प्रकारचीच. मायक्रोच्या तारेवर उणे पाच व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक पाच म्हणजे ०. स्वस्तातल्या टीटीएल बोर्डावर पाच व्होल्ट म्हणजे १. तो बोर्ड वापरायचाच तर मध्ये मॅक्स२३२सारखी चिप हवी.

पण या दोन यंत्रांमध्ये घड्याळाची तारच नसते, मग ती एका लयीत बोलतात कशी? हा प्रश्न मला कायम मोहवतो. उत्तर झपतालात आहे. तार गप्प असते तेव्हा १वर असते. ती ०वर आली की सम. मग अक्षराचे आठ बिट, शेवटी पुन्हा १. दहा मात्रा पुऱ्या. इंग्रजी ‘ए’ असा जातो: ०, १०००००१०, १. ऐकणारा आपली लय समेपासून मोजतो, त्यामुळे दहाव्या मात्रेपर्यंत जेमतेम अर्ध्या मात्रेचा फरक पडला तरी निभावतं. पुढच्या अक्षराला नवी सम.

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. बोदो या अभियंत्याच्या तारायंत्रावर माणसालाच यंत्राच्या ठोक्याबरोबर कळा दाबाव्या लागत. १९१०च्या सुमारास शिकागोत हॉवर्ड क्रम यांनी प्रत्येक अक्षराला स्वतःची सुरुवात आणि शेवट दिला, आणि ऑपरेटर त्या ठोक्यातून सुटला. क्रम यांच्या कंपनीला पैसा मिठाचे व्यापारी जॉय मॉर्टन यांचा. वेगाच्या ‘बॉड’ या एककात बोदोचं नाव अमर झालं; क्रम यांचं नाव मात्र अभियांत्रिकीच्या वर्गातही क्वचितच घेतलं जातं. हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता जोडणी. मायक्रोवर तारांकन लावून एफएक्स ७,७ आणि एफएक्स ८,७ टाइप केलं की जाण्यायेण्याचा वेग ९६०० बॉड होतो. त्याची सगळी ३२ किलोबाइट स्मृती या वेगाने ३४ सेकंदांत पलीकडे जाते. लॅपटॉपवर तोच वेग ठेवा आणि आरटीएस-सीटीएस चालू करायला विसरू नका. डिस्कवर लिहिण्यात गुंतला की मायक्रो या आरटीएस-सीटीएसच्या तारेवरूनच लॅपटॉपला ‘थांब’ म्हणतो.