दोन मिळकती, मूळ एकच

मंदी आली, कारखाना बंद पडला, तर घर किती दिवस तग धरेल? समजा, महिन्याचा खर्च 900 रुपये आहे. पगार 600, जोडधंद्याचे 300 आणि शिल्लक 2,700 रुपये. पगार थांबला तर दरमहा 600 रुपयांची तूट येईल, म्हणजे शिल्लक साडेचार महिने पुरेल. पण जोडधंदाही थांबला तर? तीनच महिने!

असे खरोखर घडले. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. प्रभादेवीची स्टँडर्ड मिलही त्यात होती. गिरणगावात अनेक घरी नवरा गिरणीत, तर बायको खानावळ चालवणारी. मिळकती दोन खऱ्या, पण खानावळीत जेवणारेही गिरणी कामगारच! पगार थांबताच जेवणाचे पैसे थकले. कोपऱ्यावरचा वाणी तरी उधारी किती दिवस देणार? संप वर्षाहून अधिक चालला.

कोकणात, साताऱ्याकडे ज्यांची थोडीफार शेती होती, त्यांतील अनेकांनी गावची वाट धरली. शेतातले भात गिरणीच्या भोंग्यावर पिकत नव्हते. (पावसावर पिकत होते, ती चिंता निराळी.)

आता तुमच्या घरच्या मिळकती कागदावर मांडा आणि प्रत्येकीचे पैसे मुळात कोणाकडून येतात, तिथपर्यंत रेघ ओढा. वडील हॉटेलात, काका पर्यटकांची टॅक्सी चालवणारे असतील, तर दोन्ही रेघा प्रवाशापाशीच मिळतील. 2020 मध्ये टाळेबंदीत प्रवासीच थांबले. अशा घराने दोन्ही मिळकती एकदम थांबल्या असे धरूनच वरचा भागाकार करावा.