डंजन्स अँड ड्रॅगन्स: २०१४ चं पुस्तक की २०२४ चं?

या रोल-प्लेइंग खेळासाठी नवा ग्रुप जमवताय आणि त्याचं नियमपुस्तक, 'प्लेअर्स हँडबुक', घ्यायचंय? सरळ २०२४ चं घ्या. पानं ३२० वरून ३८४ झालीत, पण खरा फरक खेळताना कळतो. 'क्युअर वूंड्स' या जखमा भरणाऱ्या मंत्रासाठी आधी आठ बाजूंचा एकच फासा टाकायचो, आता दोन. क्लेरिकने (पुजारी पात्राने) हात लावला की जखमी गडी खरंच उभा राहतो! फायटरला (लढवय्या पात्राला) 'वेपन मास्टरी', म्हणजे शस्त्राची खास करामत, मिळालीय. वॉरहॅमरचा घाव बसला की समोरचा १० फूट मागे (अगदीच अवाढव्य राक्षस सोडून). गुणवाढ आता वंशावर नाही, पात्राच्या पार्श्वभूमीवर ठरते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

२०१४ चं घरात असेल तर घाई नको. जुनी साहसं नव्या नियमांवरही चालतात. आणि नुसतं चाखून बघायचं असेल तर मूळ नियम ऑनलाइन फुकट आहेत.