सूज उतरली म्हणजे दुखणे गेले असे नव्हे



गळीत हंगाम भरात आला की गाडीतळावर एक बोलणे हमखास कानी येते. "साहेब, बैलाचा खांदा आलाय. सूज उतरायचं इंजेक्शन मारून घेतो, म्हंजे उद्याची खेप बुडायची नाही." इंजेक्शन कुठून तरी मिळते, सूज बसते आणि बैल पुन्हा जुवाखाली जातो. गाडीवान खूश! पण खांदा बरा झालेला नसतो.

ही औषधे स्टिरॉइड जातीची. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली नेहमीची नावे. जनावराच्या मूत्रपिंडाजवळची एक ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रोज तयार करते. औषध म्हणजे त्याचीच नक्कल. मात्र सूज मारण्यात डेक्सामेथासोनचा जोर त्याच्या सुमारे २५ पट असतो. या शोधाबद्दल केंडॉल, राइखश्टाइन व हेंच या शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषध थोर आहे, यात वाद नाही. योग्य जनावराला, योग्य वेळी दिले तर अ‍ॅलर्जीत जीव वाचतो. व्यालेल्या गाईच्या कितनबाधेतही पशुवैद्य ते वापरतात.

मग बिघडते कुठे? सूज म्हणजे दुरुस्तीला आलेली टोळीच समजा. स्टिरॉइड या टोळीला सुट्टी देते. दुखणे थांबते, पण दुरुस्तीही थांबते. आत पू असेल तर जंतूंना रान मोकळे होते आणि जखम भरायला उशीर लागतो. न दुखणाऱ्या खांद्यावर बैल भार ओढतो आणि दुखापत खोल जाते.

डोळ्याचेही तसेच. उसाचे पान लागून बुबुळाला जखम झाली आणि घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब घातले, तर जखम चिघळून डोळा जाऊ शकतो.

आता आमच्याच गोठ्यातली गोष्ट सांगतो. गाय आठ महिन्यांची गाभण, मागचा पाय सुजलेला. आम्ही घाईत होतो. सुई टोचणाऱ्याने विचारले नाही आणि आम्हीही गाभण असल्याचे सांगितले नाही. दोन-तीन दिवसांत गाय अवेळी व्याली, वार अडकली, वासरू वाचले नाही. नंतर पशुवैद्यांनी कारण समजावले. दिवस भरले की पोटातल्या वासराच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि तीच विण्याची सूचना असते. बाहेरून दिलेल्या औषधाने ती सूचना आधीच गेली! शेतकीची पदविका भिंतीवर लावून आम्ही ही चूक केली, म्हणून आज लिहितो आहोत.

तेव्हा एवढे कराच :

१) गाय-म्हैस गाभण असल्यास किती महिन्यांची, हे सुई टोचण्याआधी पशुवैद्यांना आपणहून सांगा.

२) औषधाचे नाव लिहून घ्या. उरलेली बाटली दुसऱ्या जनावराला वापरू नका. बरेच दिवस चाललेले औषध मनाने एकदम बंद करू नका.

३) दुभत्या जनावराचे दूध काही दिवस कमी होऊ शकते. किती दिवस डेअरीला घालायचे नाही, तेही विचारा.

४) खांदा नुकताच सुजला असेल तर बैल सोडा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, दोन-तीन दिवसांनी कोमट शेक द्या. पू किंवा गाठ दिसली तर पशुवैद्य गाठा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

५) मूळ कारण काढा. जू गुळगुळीत हवे, बैलजोडी उंचीने सारखी हवी आणि गाडीत मोळ्या अशा रचाव्यात की भार नुसता पुढे येणार नाही.

एक खेप बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते. बैल कायमचा बसला, तर हंगामच बसतो.

— ऊस विकास अधिकारी